शिशाची पलटण, ओकची दारं

शनिवार, १४ सप्टेंबर

आज सैनिक हलवले. पलंग, भांडी, खुर्च्या सगळं सोमवारी यायचं आहे, पण सैनिक आधी. आजोबा म्हणाले, "मी दोन दिवस जमिनीवर झोपेन. ते झोपणार नाहीत."

ही वही कालच घेतली. एवढं सामान हलवायचं म्हणजे काहीतरी मोडणार, काहीतरी हरवणार, आणि मग कोण काय म्हणालं यावरून वाद होणार. लिहून ठेवलेलं बरं.

आजोबांकडे शिशाच्या सैनिकांची अख्खी फौज आहे. एकेक सैनिक बोटाच्या पेराएवढा. नेपोलियनचे फ्रेंच: पायदळ, घोडदळ, तोफा, जखमींना नेणारी गाडीसुद्धा. मला कळायला लागल्यापासून ते नदीकाठच्या जुन्या घराच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यांत राहत होते. तिथे कौलांतून वारा शिरायचा आणि हिवाळ्यात बोटं बधिर व्हायची. आता थेल्मा आत्याच्या बागेमागे आजोबांनी छोटं घर बांधून घेतलं आहे. दुहेरी काचा, फरशीखालून ऊब, झुळूक म्हणून कुठून येत नाही. त्यात सैनिकांना स्वतंत्र खोली.

आणि कपाटं मी केली. ओकच्या लाकडाची, भिंतभर, काचेच्या दारांची. मी डेंबींच्या सुतारकारखान्यात शिकाऊ आहे. शाळा मी सोळाव्या वर्षीच सोडली, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाचा हात न लागता पुरं झालेलं हे माझं पहिलं काम. सगळे स्क्रू पितळी वापरले. ओकमध्ये लोखंड गेलं की काळं पडतं, हे डेंबींनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मदतीला मॉरिसकाका आले होते. मॉरिस पर्किस हे आजोबांचे जुने मित्र आणि टेबलावरचे शत्रू. त्यांच्याकडे रशियन फौज आहे. दर फेब्रुवारीत दोघं आयलाऊची लढाई खेळतात, नेपोलियन आणि रशियनांची ती बर्फातली. टेबलावर पांढरी चादर अंथरायची आणि वर खडूची भुकटी भुरभुरायची. हरेल त्याने एक सैनिक रंगवून दुसऱ्याला द्यायचा आणि त्याच्या पायाखालच्या चकतीवर आपलं आद्याक्षर काढायचं, असा त्यांचा रिवाज आहे. मॉरिसकाका जास्त वेळा हरले आहेत. त्यांचे सैनिक विकतचे नसतात. चर्चचं जुनं शिशाचं छप्पर बदललं तेव्हा पाद्रीबाबांनी दिलेले तुकडे वितळवून ते आपल्या शेडमध्ये स्वतः ओततात. पाद्रीबाबांनी दिले, असं ते सांगतात.

"राल्फ, तुझे फ्रेंच आता लाडावणार," खोकी उतरवताना ते म्हणाले. "पायाखाली ऊब, समोर काच. बर्फात लढा म्हणालास तर रजेचा अर्ज देतील."

"तुझ्या रशियनांआधी नाही देणार," आजोबा म्हणाले.

मी प्रत्येक सैनिक मऊ ब्रशने झाडून मगच फळीवर ठेवला. धुळीचा कण नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

आजोबा भेटेल त्याला खोलीत नेतात. आज दूधवाल्यालाही नेलं. "नातवाने केलंय. एक खिळा दिसतोय का बघ." दूधवाल्याने वाकून खालूनही बघितलं. अभिमानाने माझे कान गरम झाले.

नवीन ओकचा आंबूस वास अजून येतो. दार उघडलं की नाकात शिरतो. मला आवडतो.

मॉरिसकाका मात्र खोलीत आले आणि नाक वर करून उभे राहिले. मग म्हणाले, "केस्टर, दिवसा दारं उघडी ठेवत जा रे पोरा. जरा श्वास घेऊ दे त्यांना."

"धूळ बसेल."

"धुळीने कुणी मेलं नाही."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यांनी हरून दिलेल्या 'एम'वाल्या ग्रेनेडियर शिपायांच्या फळीकडे बघत होते. दारं उघडी राहिल्याने फायदा कुणाचा? सैनिकांचा तर नाही.

कारखान्यातून रबरी पट्टी आणली आणि दारांच्या कडेने आतून चिकटवली. आता दार लावलं की हलका फुस्स आवाज येतो. हवासुद्धा आत जाणार नाही. कुलूपही बसवलं. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

रविवार, ३ नोव्हेंबर

तिसऱ्या फळीवर एका ढोलवाल्याच्या बुटांपाशी पांढरी भुकटी दिसली. बारीक, पिठासारखी. आजोबांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, ढोलवाल्याला खिडकीशी नेलं, बराच वेळ उलटसुलट केलं.

"आयलाऊचं बर्फ," ते म्हणाले. "मागच्या फेब्रुवारीतलं. खडू कुठे कुठे चिकटून बसतो."

"पण मी सगळे झाडले होते."

"राहिलं असेल एखाद्याच्या खाकेत. जा, चहा टाक."

मी चहा टाकला. पण मी झाडलं होतं ते मला माहीत आहे. मी परत आलो तेव्हा ते फोनवर होते. मला बघून "बरं मॉरिस, मग बोलू" म्हणाले आणि फोन ठेवला.

आजोबा माझ्याशी खोटं बोलले असं लिहायला हात धजत नाही. पण दुसरा कुठला शब्दही सापडत नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

ढोलवाला जागेवर नाही. त्याच्या शेजारचे दोन ग्रेनेडियरही नाहीत. उरलेल्यांना थोडं थोडं सरकवून रांग सारखी केली आहे, म्हणजे रिकामी जागा दिसू नये. हे आपोआप होत नाही.

तिघेही 'एम'वाले.

आजोबा रोज खिडकीशी बसतात, तसे आज बसले नाहीत. मी विचारलं, "कुणी आलं होतं का?" म्हणाले, "आत्या आली होती, जुन्या चादरी घेऊन गेली." आत्याला विचारलं. ती म्हणाली, "चादरी? मी तर दोन दिवस घराबाहेर पडले नाही. आणि तू असा पोलिसासारखा का बघतोयस माझ्याकडे?"

गुरुवार, २६ डिसेंबर

काल सगळे आत्याकडे जेवलो. आज दुपारी मॉरिसकाका शॉर्टब्रेड बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. मी भांडी पुसत होतो. सैनिकांच्या खोलीतून कुजबुज ऐकू येत होती. मी चप्पल काढून अनवाणी दारापर्यंत गेलो.

"त्याला सांगून टाक," मॉरिसकाका म्हणत होते.

"नाही," आजोबा म्हणाले. "तू त्याचा चेहरा बघितला नाहीस दूधवाला आला तेव्हा."

"मग मी आणखी किती दिवस असा चोरासारखा—"

फरशी गरम असते, लाकडी नसते, त्यामुळे माझ्या पावलांचा आवाज होत नाही. तरी ते गप्प झाले. मी आत गेलो तर दोघंही खिडकीबाहेर बघत होते. बाहेर आत्याच्या कोबीच्या वाफ्याशिवाय काही नाही.

जाताना मॉरिसकाकांच्या हातात तोच डबा होता. शॉर्टब्रेड आणलं ते परत कोण नेतं? "थोडं उरलं," ते म्हणाले. डब्यातून खडखड आवाज आला. शॉर्टब्रेड असं वाजत नाही.

मला वाटतं आजोबा फौज विकायला निघाले आहेत, किंवा त्यांना देऊन टाकत आहेत. माझ्या कपाटांचं काय होईल ते सांगायला जीभ रेटत नसेल. यापुढे या वहीत मी त्यांना पर्किस म्हणणार. काका म्हणायचं तर तसं वागावं लागतं.

शनिवार, ११ जानेवारी

सकाळी कामाला जाताना कपाटाच्या दोन्ही दारांवर खालच्या बाजूला एक काळा दोरा गोंदाने चिकटवला होता. परत आलो तर दोरा तुटलेला आणि पर्किस चहा पीत बसलेले. खुर्चीशेजारी डबा.

मी म्हणालो, "डबा उघडा."

आजोबा म्हणाले, "केस्टर, बस खाली."

"उघडा म्हणतोय मी."

पर्किसने डबा उघडला नाही. पण झाकणावर हात ठेवून म्हणाले, "आत आहेत. घोडदळातले पाच. झालं?"

"मॉरिस!" आजोबा ओरडले.

"थांब राल्फ. पोराला खरं हवंय ना, घे." मग माझ्याकडे वळून, अगदी सावकाश, पाठ केल्यासारखं म्हणाले, "माझ्या हातचे आहेत ते. मी ओतले, मी रंगवले. म्हातारपणी परत हवेसे वाटले मला. मागायची लाज वाटली म्हणून नेत होतो. तुझ्या आजोबांना यातलं काही माहीत नव्हतं."

"हरून दिलेले सैनिक परत नेतात? देण्याचा रिवाज तर तुमचाच होता."

"नेतात म्हण हवं तर."

मी त्यांना या घरात पुन्हा पाय ठेवू नका असं सांगितलं. माझा आवाज फाटला, ते मला आवडलं नाही. पर्किसने टोपी घातली आणि डबा तिथेच टेबलावर ठेवून गेले. चोर माल ठेवून जातो का, हा विचार मला नंतर आला. पण पकडल्यावर काय करणार?

आजोबांनी उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला. "आयलाऊ चार आठवड्यांवर आलंय," एवढंच म्हणाले.

किल्ली आता माझ्या गळ्यात आहे, शर्टाच्या आत.

रविवार, १९ जानेवारी

आजोबांनी किल्ली मागितली. साधीच मागितली, मीठ मागावं तशी.

"कशाला?" मी विचारलं.

"दारं जरा उघडून ठेवतो."

पर्किसचेच शब्द. मी म्हणालो, "तो माणूस आता येत नाही. आता कुणासाठी उघडी ठेवायची?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता सगळं बोलतील. पण ते काचेशी जाऊन उभे राहिले. आत बघायला वाकले, आणि त्यांच्या श्वासाने काच धूसर झाली. बाहीने पुसली. पुन्हा धूसर झाली. मी किल्ली दिली नाही.

आत्या म्हणते ते जेवत नाहीत. "पन्नास वर्षांचा दोस्त आहे रे तो त्यांचा. दोन-चार बाहुल्या नेल्या तर नेल्या." बाहुल्या म्हणते ती त्यांना. मी तिला म्हणालो, प्रश्न बाहुल्यांचा नाही. तिने विचारलं मग कशाचा. मला नीट सांगता आलं नाही.

शनिवार, २५ जानेवारी

डब्यातले पाच परत मिळाले, पण आधी नेलेले? ते आणायला पर्किसच्या घरी गेलो. मनात काय काय बोलायचं ते घोकून गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शेडमध्ये आहेत. ये."

शेडमध्ये गार वारा होता. खिडकी मुद्दाम उघडी ठेवलेली. बाकावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर आमचे सैनिक ओळीने आडवे. ढोलवालाही. दातांचे जुने ब्रश, वार्निशची बाटली, आणि एका बशीत पांढऱ्या भुकटीचा ढीग.

"खडू?" मी विचारलं.

"हो," ते चटकन म्हणाले. "खडूच. आयलाऊचा."

काही सैनिकांचे रंग पार खरवडून काढले होते. ढोलवाल्याला चेहराच राहिला नव्हता. जिथे नाक-डोळे होते तिथे खरबरीत खड्डा. चोरायचे आणि वर असे हाल करायचे?

"आपल्याच हातांनी केलेल्याचं असं करवतं तुम्हाला?"

ते बराच वेळ वार्निशच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले. "करावं लागतं कधी कधी," ते म्हणाले. मग सगळे कापसात गुंडाळून दिले, एकेक करून, घाई न करता. दारात म्हणाले, "राल्फचे पाय दुखायचे थांबले का?"

मी पुडकं काखेत घेतलं. पाय दुखतात हे मला माहीतच नव्हतं.

बुधवार, २९ जानेवारी

हे नीट लिहायला हवं.

आज कारखान्यात एक जुनं ओकचं फाटक दुरुस्तीला आलं. कुणीतरी अडाण्याने त्यात लोखंडी स्क्रू ठोकले होते. डेंबी म्हणाले, काढ ते. मी पेचकस लावला तर स्क्रूचं डोकं बिस्किटासारखं चुरलं. काळी भुकटी हातावर आली आणि तोच आंबूस वास.

"बघितलंस?" डेंबी म्हणाले. "ओकच्या पोटात व्हिनेगर असतं. लोखंड खाऊन टाकतं."

हे मी शंभरदा ऐकलं आहे. म्हणून तर सगळे पितळी स्क्रू वापरले, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता. मी भुकटीकडे बघत उभा राहिलो. लोखंडाची काळी. मग डेंबींना विचारलं, शिशाची कुठली?

"शिशाची? पांढरी. का रे?"

पोट बिघडलंय सांगून घरी आलो. आजोबा दुपारचे झोपले होते. गळ्यातली किल्ली काढली आणि दार उघडलं. फुस्स. चिप्सच्या दुकानात येतो तसा व्हिनेगरचा वास तोंडावर आला. तो किती महिने येत होता आणि मला आवडत होता. तिसऱ्या फळीवरचे उरलेले सगळे 'एम'वाले पांढरे झाले होते. चर्चच्या छपराचं निव्वळ शिसं. बाजूचे विकतचे, कथील मिसळलेले, अजून धड होते. मी एका ग्रेनेडियरला उचललं तर त्याचा हात माझ्या बोटांत राहिला. हात म्हणजे थोडं पीठ.

माळ्यावर वारा होता, म्हणून ते पन्नास वर्षं जगले. मी त्यांना हवा जाणार नाही अशा पेटीत घातलं, रबराने दारं बंद केली, कुलूप लावलं, आणि जो एकेकाला बाहेर काढून वाचवत होता त्याला चोर म्हणालो.

त्यांना नोव्हेंबरपासून माहीत होतं. दोघांनाही. मला सांगितलं नाही, कारण कपाटं मी केली होती.

गुरुवार, ३० जानेवारी

आज रजा टाकली. आजोबा आत्याबरोबर डॉक्टरकडे पायासाठी गेले तेवढ्यात सगळी दारं बिजागऱ्यांसकट काढली. रबर खरवडून टाकलं. पितळी स्क्रू इतके छान सुटले की वाईट वाटलं. दारं बागेतल्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली, वर ताडपत्री. खिडकी उघडली. पांढरे झालेले सैनिक तिथून हलवून डब्यात घातले.

आजोबा परत आले. काठी टेकत खोलीत गेले. काठीची टकटक कपाटापर्यंत गेली. मग, "केस्टर, दारं कुठायत?"

"बिजागऱ्या चुकल्या माझ्या," मी स्वयंपाकघरातून म्हणालो. "दारं खाली ओढत होती. तशीच राहू देत. धूळ मी झाडत जाईन."

"हं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "बिजागऱ्या सगळ्यांच्याच चुकतात पहिल्यांदा."

खरं सांगितलं तर त्यांची तीन महिन्यांची धडपड वाया जाईल. त्यांनी माझ्यासाठी जे झाकलं ते झाकलेलंच राहू दे.

शनिवार, १ फेब्रुवारी

पर्किसांकडे गेलो. मॉरिसकाकांकडे. बोलायचं घोकून गेलो नव्हतो, त्यामुळे दारात नुसता उभा राहिलो.

"काय, आणखी कुणी राहिलंय का न्यायचं?" ते म्हणाले.

"पुढच्या शनिवारी आयलाऊ आहे."

"राल्फने बोलावलंय?"

"मी बोलावतोय."

"चोराला?"

"तुम्ही चोर नाही. मी..." पुढे जमेना. मग म्हणालो, "तुमचेच सैनिक होते. तुम्हाला परत हवेसे वाटले तर त्यात काय. मी फार बोललो." आणि हातातला डबा पुढे केला. "यांच्यावर पण खडू बसलाय. तुम्हाला साफ करता येतो म्हणून आणलेत."

त्यांनी झाकण जरासं उचललं, बघितलं, लावलं. माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या बुटांकडे बघत राहिलो.

"खडू," ते म्हणाले. "बरं. आत ये, गार वारं आहे. लोणच्यातले कांदे खातोस ना?"

मी व्हिनेगरातलं काही नको म्हणालो. ते मोठ्याने हसले. का ते कळलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आयलाऊ झालं. आत्याने भाजलेली तंगडी कापून ठेवली होती. मॉरिसकाका रशियन घेऊन सकाळीच हजर. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

खडू भुरभुरताना दोघंही एकदम थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "टाका ना." मॉरिसकाका म्हणाले, "टाकतो की. बर्फच आहे." आणि टाकला.

फौजेत भगदाडं होती. ढोलवाला बिनचेहऱ्याचाच उभा होता. वर नुसता निळा कोट रंगवून दिला होता मॉरिसकाकांनी.

"हा कोण तुझा, राल्फ?" ते म्हणाले. "चेहरा लपवून आलाय. कर्जबुडव्या दिसतो."

"थंडीने झालंय. तुझा तो सेनापती बघ, आधीपासून झोपलाय."

"तो विचार करतोय!"

"तुझ्यासारखाच करतो मग."

दुपारी दोघांचंही सैन्य संपत आलं आणि कुणीच मागे हटेना. फासे टाकून टाकून आजोबांचा हात थकला. शेवटी आजोबा म्हणाले, "खऱ्या आयलाऊतही कुणी जिंकलं नव्हतं." "मग दोघं हरलो," मॉरिसकाका म्हणाले. "दोघांना रंगवून द्यावा लागणार. पण कुणाला?" आणि दोघंही जेवायला बसले. किती जेवले आजोबा.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज सकाळी माझ्या ताटाशेजारी कागदात गुंडाळलेला एक सैनिक होता. फ्रेंचांच्या फौजेत पुढे चालणारा, दाढीवाला, अंगावर चामड्याचा पांढरा एप्रन, खांद्यावर मोठी कुऱ्हाड. एप्रनची कड जरा थरथरली आहे, ते आजोबांच्या हाताचं काम. दाढी मॉरिसकाकांची असणार, त्यांना केस छान जमतात. चकतीखाली दोन अक्षरं, आर आणि एम.

"हा कोण?" मी विचारलं.

"फौजेतला सुतार," आजोबा लोण्याचा चाकू पुसत म्हणाले. "सगळ्यांच्या पुढे जातो. अडेल ते दार तोडायला."

शिसं नवीन आहे, पण मॉरिसकाकांनी त्यात या वेळी कथील घातलं आहे. वजनावरून कळतं. मी सुतार म्हणून सुतार दिला, त्यात एवढं काही नाही. मी त्याला सगळ्यात पुढच्या फळीवर ठेवला, उघड्यावर, खिडकीसमोर.

खिडकी दोघांपैकी कुणीतरी माझ्याआधीच उघडून ठेवली होती. दारांबद्दल त्यांना अजून काही संशय आलेला दिसत नाही.